साउंडवाल्याला कोणी सेवा मागत नाही

मेसेज बहुतेक वेळा रात्री नऊनंतर येतो. आधी हात जोडलेली इमोजी. मग ‘ताई, कशा आहात?’ मग बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’. तेवढ्या वेळात पुढचा मजकूर माझा मनातल्या मनात लिहून झालेला असतो. ‘कार्यक्रम एका चांगल्या कामासाठी आहे. या वेळी मानधनाचं जरा समजून घ्याल ना?’

मी पेटी वाजवते. पत्रिकेवर ‘संवादिनी साथ’ असं छापतात, पण नाशकात सगळे पेटीच म्हणतात. दहा वर्षं झाली. शास्त्रीय गाण्याला, नाट्यसंगीताला, भक्तिसंगीताच्या कार्यक्रमांना साथ करते आणि उरलेल्या वेळात शिकवण्या घेते. या दहा वर्षांत मी वृद्धाश्रमासाठी वाजवलं, मुलांच्या वसतिगृहासाठी वाजवलं, २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासाठी वाजवलं, गोशाळेसाठी, डायलिसिसच्या मशीनसाठी आणि एकदा एका देवळाच्या कळसासाठीही वाजवलं. कामं चांगलीच होती. डायलिसिसचं मशीन खरंच आलं, मी जाऊन पाहून आले. बाकीच्या पैशांचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि या लेखातला पहिला दोष त्यामुळे माझ्याच पदरात घालून घेते.

आता अशा एका संध्याकाळचा हिशोब मांडते. हॉलचं भाडं आगाऊ भरावं लागतं, तारीख तशी मिळतच नाही. साउंडवाला टेम्पो घेऊन येतो, अर्धे पैसे आधी आणि अर्धे त्याच रात्री. लाइटवाला तसाच. मंचावर झेंडूच्या माळा आणि मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर संस्थेचं नाव, प्रायोजकांची नावं, तीन मान्यवरांचे फोटो आणि कोपऱ्यात आमची नावं, त्यात तबलजीचं आडनाव चुकलेलं. शाली, श्रीफळं, सन्मानचिन्हं. स्मरणिका छापलेली, तिच्यात सराफांच्या आणि बिल्डरांच्या जाहिराती. मध्यंतरात चहा आणि बटाटेवडा. या प्रत्येक गोष्टीचे पैसे कोणीतरी कोणालातरी दिलेले असतात. वडेवाल्याला कोणी म्हणत नाही की दादा, वृद्धाश्रमासाठी आहे, वडे सेवा म्हणून तळा. साउंडवाल्याला कोणी हात जोडलेली इमोजी पाठवत नाही. पाठवली तर तो येणारच नाही, आणि माइकशिवाय मान्यवरांची भाषणं होणार नाहीत.

गाणं मात्र फुकट. ज्याच्यासाठी हॉल, ज्याच्यासाठी माइक, ज्याच्या नावावर लोक आले, तेच तेवढं फुकट.

मुख्य गायकाचं एक वेळ ठीक. त्याला शाल मिळते, टाळ्या मिळतात, त्याची मुलाखत छापून येते, पुढच्या वर्षी कुठेतरी मोठा कार्यक्रम मिळतो. त्यानं ‘मी मानधन घेणार नाही’ असं जाहीर केलं की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. आणि त्या एका वाक्यानं त्याच्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्या दोघांचंही मानधन जातं. त्यांना कोणी विचारलेलं नसतं. तबलजी सिन्नरहून दुचाकीवर आलेला असतो. तानपुऱ्यावर बसलेली मुलगी उद्याचा पेपर बुडवून आलेली असते. दान गायकानं केलं, पण खिसा तिघांचा उलटा झाला. आपल्याकडे याला ‘सर्वांनी सेवाभावानं’ असं म्हणायची पद्धत आहे.

*

या गावात हे बोलायला एक खास कारण आहे. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ महापालिकेचं एक सभागृह आहे, पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या नावाचं. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी गाण्याच्या नाहीतर तबल्याच्या परीक्षा दिल्या असतील, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, त्यांच्या घरी कपाटात कुठेतरी गांधर्व महाविद्यालय मंडळाचं सर्टिफिकेट असेल. त्या ‘गांधर्व’चं मूळ हा माणूस. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी नाशकात काढली. मुलगा दत्तात्रेय, म्हणजे पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजले ते, १९२१ साली नाशकातच जन्मले.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीला फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, उपचारासाठी मिरजेला नेलं आणि तिथे ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय होता, म्हणजे पोटाची ददात नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. मिरजेत एका समारंभाचं आमंत्रण या विद्यार्थ्याला आलं, त्याच्या गुरूला आलं नाही. का, तर ते काय, गवई. गवयाला गायला बोलवायचं, पाहुणा म्हणून कशाला? १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली.

पुढे त्यांनी जे केलं ते आज ऐकायला साधं वाटतं. सौराष्ट्रात त्यांनी लोकांकडून थोडे पैसे घेऊन जाहीर मैफल केली. तोवर गाणं दरबारात होत होतं, देवळात होत होतं, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात होत होतं. तिथे राजा मर्जी असेल तर देणार, शेठ खूश झाला तर देणार. विष्णु दिगंबरांनी गाणं अशा जागी आणून ठेवलं जिथे दुकानदार, कारकून, शिक्षक येऊन तिकिटाचे पैसे देतो, ऐकतो आणि घरी जातो. त्याला मुजरा करावा लागत नाही आणि त्याचे उपकारही राहत नाहीत. माझ्या दृष्टीनं आपल्या संगीतातली ही एक मोठी क्रांती आहे आणि ती कुठल्या रागात झालेली नाही, तिकिटाच्या खिडकीवर झाली आहे.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाच्या खजिन्यावर न चालणारी गाण्याची शाळा, लोकांच्या देणग्यांवर आणि त्यांच्या स्वतःच्या मैफलींच्या पैशावर. १९०८मध्ये मुंबईत शाळा आली. म्हणजे कलाकारानं मैफली करून सार्वजनिक कामासाठी पैसा उभा करायचा, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सुरू केली म्हणाल तर या नाशिककरानं. मग मी तक्रार कसली करते आहे?

हीच. त्यांनी मैफल फुकट केली नाही. मैफलीचे पैसे घेतले आणि मग ते पैसे कुठे जातील हे स्वतः ठरवलं. गाण्याला किंमत आहे हे आधी सिद्ध झालं, दान नंतर आलं. आपण मधली पायरीच काढून टाकली आहे. आपण कलाकाराला सांगतो, तुझ्या गाण्याची किंमत शून्य धर, आणि त्या शून्याचं दान कर.

त्यांना देव करायचा माझा विचार नाही. उपदेशक वर्गातल्या मुलांकडून ते नऊ वर्षांचा करार लिहून घेत. राहणं, जेवण, शिक्षण मोफत आणि त्या बदल्यात शिस्त आणि काम. आजच्या नजरेनं त्यात बरंच खटकेल. पण करार होता. काय मिळणार आणि काय द्यायचं ते आधी कागदावर होतं. मला दहा वर्षांत एकाही सेवाभावी कार्यक्रमाच्या आधी काही कागदावर मिळालेलं नाही.

आणि पुढचं जे झालं ते तर अशा कार्यक्रमांच्या प्रत्येक आयोजकानं वाचावं. मुंबईत सँडहर्स्ट रोडला त्यांनी शाळेची मोठी इमारत बांधली, कर्ज काढून. कर्ज फेडायचं कशातून? मैफलींतून. त्या काळातला एवढा मोठा गायक, देशभर फिरणारा, काँग्रेसच्या अधिवेशनांत गाणारा, आणि तरीही मैफलींच्या पैशातून ते कर्ज फिटलं नाही. विसाच्या दशकात इमारत गेली. सावकारांनी लिलावात काढली. विष्णु दिगंबर तोवर रामनामाकडे वळले होते. नाशकात त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला, उरलेल्या शिष्यांना शिकवत आणि भजन करत राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे गाणं दिलं ते वडिलांच्या शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी. शिष्यांनीच त्याच वर्षी मंडळ स्थापन केलं, म्हणून तुमच्या कपाटात ते सर्टिफिकेट आहे.

एवढ्या मोठ्या माणसाला मैफलींवर एक इमारत टिकवता आली नाही. आणि आपण समजतो की कालिदास कलामंदिरात एक संध्याकाळ नाट्यगीतं गाऊन घेतली की वृद्धाश्रमाचं वर्ष निघेल. निघत नाही. खर्च वजा जाता जे उरतं ते अनेकदा इतकं थोडं असतं की त्या मान्यवरांनी येण्या-जाण्याचं पेट्रोल वाचवून संस्थेला दिलं असतं तरी चाललं असतं. ही थट्टा नाही. त्या संध्याकाळचं खरं उत्पन्न पैशात नसतंच, ते दुसऱ्या दिवशीच्या बातमीत असतं. बातमी हवी असायलाही माझी हरकत नाही. संस्थांना नाव लागतं, नावावर देणगीदार येतात. पण जाहिरात करायची तर जाहिरातीचा खर्च धरा. फ्लेक्सवाल्याचा धरलात ना?

*

यावर पहिलं उत्तर मला ठरलेलं मिळतं: ‘अहो, बालगंधर्वांनी नाही का केलं?’

केलं. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’. एकीकडे गंधर्व नाटक मंडळी, दुसरीकडे ललितकलादर्श. एकमेकांशी टक्कर असलेल्या दोन कंपन्या एका रंगमंचावर, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. मराठी रंगभूमीवर आजही त्या रात्रीबद्दल बोलतात, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले म्हणून जरा जास्तच हळवं होऊन बोलतात. पण त्या रात्रीची रचना बघा. फंड कोणता ते देशाला माहीत होतं. प्रेक्षक तिकीट काढून आले होते. जे दान देत होते ते दोन कंपन्यांचे मालक होते, निर्णय त्यांचा होता. कोणी त्यांना रात्री साडेनऊला ‘समजून घ्या’ म्हणालं नव्हतं. आणि बालगंधर्वांच्या उदारपणाचे गोडवे गाताना हेही आठवावं की त्यांच्या कंपनीवर कर्जाचा डोंगर होता आणि उतारवय त्यांनी ओढगस्तीत काढलं. ज्यांनी ते नाटक पाहून डोळे पुसले त्या समाजानं त्यांच्या म्हातारपणाची काय सोय केली?

दुसरं उदाहरण तुम्ही यूट्यूबवर पाहिलं असेल. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकरांना काहीतरी करायचं होतं. पंचवीस हजार डॉलर जमले तरी पुष्कळ, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी जॉर्ज हॅरिसनला सांगितलं आणि एका दिवसात दोन खेळ झाले. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवून झाल्याबरोबर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तो किस्सा प्रसिद्धच आहे. तिकीटविक्रीचे दोन लाख त्रेचाळीस हजारांहून जास्त डॉलर युनिसेफला गेले. कलाकारांनी मानधन घेतलं नाही.

म्हणजे फुकट वाजवणं मुळात वाईट, असं काही मी म्हणत नाहीये. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्याकडे कोणी सांगत नाही. रेकॉर्ड आणि सिनेमा यांतून तिकिटांपेक्षा कितीतरी पट जास्त पैसा आला आणि त्यातला मोठा भाग अनेक वर्षं अमेरिकेच्या कर खात्याच्या कचाट्यात अडकून पडला. का? कार्यक्रमाआधी युनिसेफशी रीतसर कागदपत्रं केलेली नव्हती. जगातले सर्वांत प्रसिद्ध वादक, सगळ्यांचा हेतू स्वच्छ, आणि तरी निर्वासितांचा पैसा वेळेवर पोचला नाही. चांगल्या हेतूला हिशोबाची गरज नसते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं.

एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं तिसरं. १९४४मध्ये कस्तुरबा स्मारक निधीसाठी त्या गायल्या आणि नंतर कितीतरी वर्षं रुग्णालयं, शाळा, देवस्थानं यांच्यासाठी गात राहिल्या. १९७४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो लोकसेवेसाठी. गाण्यासाठी म्हणून नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण एम. एस. होण्यासाठी आधी एम. एस. असावं लागतं. ज्याच्या एका कार्यक्रमाचे पैसे भरपूर आहेत त्यानं दहातले पाच कार्यक्रम दान केले तर पाच उरतात. नाशकातल्या तबलजीला महिन्यात चार कार्यक्रम असतात, त्यातले तीन ‘चांगल्या कामासाठी’.

*

आता दुसरा ठरलेला मुद्दा: ‘शास्त्रीयला तिकीट काढून कोण येतंय? पास वाटले तरी खुर्च्या रिकाम्या.’

हे तुम्हाला उद्देशून आहे, हे वाचणाऱ्या तुम्हाला, कारण माझं वय आणि तुमचं वय साधारण एकच आहे. स्टँडअपचं तिकीट आपण काढतो. सुलाफेस्टला याच गावात लोकांनी हजारो रुपये मोजलेत. सिनेमाला गेलो तर पॉपकॉर्नच्या किमतीवर आपण एक रील करतो आणि तरी पॉपकॉर्न घेतो. पण गाण्याचा कार्यक्रम म्हटला की पहिला प्रश्न, ‘पास आहेत का?’ आणि कार्यक्रम गरजूंसाठी असेल तरीही पासच हवा. गरजूंच्या मदतीच्या कार्यक्रमाला फुकट बसायचं, यातली गंमत आपल्याला दिसत नाही का? पुढच्या चार रांगा सोफ्यांच्या, निमंत्रितांच्या. म्हणजे ज्यांना परवडतं तेच फुकट, आणि तेही मध्यंतरानंतर उठून जाणारे.

पास वाटले की लोक येत नाहीत, कारण पासला किंमत नसते. पाऊस आला, मॅच लागली, पाहुणे आले की पास टेबलावर राहतो. दोनशे रुपयांचं तिकीट काढलेला माणूस पावसात भिजून येतो. अशा कार्यक्रमाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटीसुद्धा नाही. लोकगीत किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्याच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनावरही नाही. सरकारनं एवढी वाट मोकळी ठेवली आहे, आपण तिच्यावरून चालत नाही.

फुकटचे सगळेच कार्यक्रम बंद करा असंही माझं म्हणणं नाही. दिवाळीत पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला अख्खं गाव रस्त्यावर बसून गाणं ऐकतं. त्याला तिकीट लावायला निघेल त्याच्याशी मी भांडेन. रस्ता सगळ्यांचा, पहाट सगळ्यांची. पण श्रोत्याला फुकट आणि कलाकाराला फुकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रोत्याला फुकट ठेवायचं असेल तर तो खर्च कोणीतरी उचलायचा असतो, आणि तो कोणीतरी दरवेळी तबलजीच का असावा?

*

काय करायला हवं ते सांगते, आणि यात नवीन काही नाही.

कलाकाराला मानधन द्या. पाकिटात नको, बँकेतून द्या. त्याला संस्थेला द्यायचं असेल तर तो स्वतः परत देईल, तितकंच किंवा निम्मं किंवा काहीच नाही. ही मधली पायरी अनेकांना वेड्यासारखी वाटते. ‘एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं घ्यायचं, मग काय अर्थ?’ अर्थ असा की संस्थेकडे ८०जीची सवलत असेल तर देणगीची पावती मिळते, जुन्या करपद्धतीत असलेल्याला तिचा उपयोग होतो, आणि ही सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे. मी दोन तास वाजवलं, एक महिना सराव केला, त्याची पावती फाटत नाही. सराफानं पाच हजार दिले तर त्याला पावती आणि स्मरणिकेत पान. मी पाच हजारांचं काम दिलं तर मला नारळ. आणि अर्थ असाही की नाही म्हणायची संधी मिळते. नाही म्हणताच येत नसेल तर जे होतं त्याला दान कसं म्हणायचं? गावातल्या सगळ्या आयोजकांचा एकच ग्रुप आहे. एकाला नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी ‘आजकाल त्यांना फार डिमांड आहे’ असं फिरतं.

दुसरं, साथीदारांशी वेगळं बोला. गायकाशी ठरलं म्हणजे सगळ्यांशी ठरलं, हे बंद करा. आणि गायकांनो, तुम्हीही. तुमचं मानधन सोडण्याचा हक्क तुम्हाला आहे, माझं सोडण्याचा नाही.

तिसरं, हिशोब. जमा किती, खर्च किती, संस्थेला किती. ज्या ग्रुपवर निमंत्रण फिरवलंत त्याच ग्रुपवर महिन्याभरात टाका. नोंदणी झालेल्या संस्थांना धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावाच लागतो. नोंदणी नसलेल्या मंडळानं असे पैसे गोळा करायचे तर आधी त्यांची परवानगी लागते, हे गणपती मंडळातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा. मग तोच कागद लोकांना दाखवायला अडचण काय? मी एकदा हे सुचवलं तर एक काका दुखावून म्हणाले, ‘ताई, आमच्यावर विश्वास नाही का?’ विश्वास आहे, काका. साउंडवाल्याचाही तुमच्यावर विश्वास आहे, पण तो पावती घेतो.

*

या सगळ्याला सर्वांत कडवा विरोध मला आमच्या सरांकडून होतो, म्हणून शेवटी त्यांचंच सांगते.

सरांनी तीस-पस्तीस वर्षं या जिल्ह्यात पेटीची साथ केली. नाशिक, निफाड, सिन्नर, मालेगाव. एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर पेटी घेऊन. पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. दिले ते घेतले, नाही दिले तर ‘देवाचं काम होतं’. २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत ते दवाखान्यात गेले. तुम्हाला तो एप्रिल आठवत असेल. आम्ही विद्यार्थ्यांनी ग्रुपवर जीपेचा नंबर टाकला. रात्री एक-एक वाजेपर्यंत मी कोणाचे किती आले ते वहीत लिहीत होते, आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. पाचशे, तीनशे, हजार, दोनशे. नावं सगळी तबलजींची, पेटीवाल्यांची, क्लासवाल्यांची, ज्यांचे स्वतःचे कार्यक्रम वर्षभर बंद होते. सरांनी ज्यांच्या चांगल्या कामांसाठी आयुष्यभर फुकट वाजवलं त्यांच्यातल्या एकाचे पैसे आले. बाकीच्यांनी हात जोडलेली इमोजी पाठवली. मी कोणाला नावं ठेवत नाही, त्या महिन्यात प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी होतं. फक्त वहीत जे आहे ते सांगते.

मग आम्ही सरांसाठी एक ऑनलाइन मैफल केली. मदतीची. मीच फोन केले, मीच लोकांना म्हणाले, ‘चांगल्या कामासाठी आहे, मानधनाचं समजून घ्या.’ हो, मीच. तो मेसेज टाइप करताना मला काय वाटलं ते लिहिण्याइतकं मला लिहिता येत नाही. त्यानंतर मात्र मी एक केलं. वाजवलेल्या प्रत्येकाला किती जमले आणि ते कुठे गेले याचा कागद पाठवला. एका तबलजीचा उलट मेसेज आला, ‘असा कागद आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.’

सर वाचले. भात्याचा हात आता लवकर थकतो, दोन तास बसवत नाही. तरी बोलावलं की जातात. माझं हे सगळं पुराण त्यांना पटत नाही. ‘अगं, गाणं विकायचं नसतं,’ म्हणतात. मी म्हणते, ‘सर, विष्णु दिगंबरांनी तिकीट लावलं होतं.’ ते म्हणतात, ‘आणि शेवटी रामनामच घेतलं ना?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्याकडे तीस वर्षांची पुण्याई आहे आणि फ्रीजवर लावलेली औषधांची उधारीची चिठ्ठी आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच घरात त्यांना बोचत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका दृष्टिहीन मुलांच्या शाळेसाठी कार्यक्रम होता. आयोजक नवीन पोरं होती, कॉलेजमधली. मी अट घातली. सरांना साथीला बोलवा, मानधन ठरवून द्या, तिकीट ठेवा आणि हिशोब लावा. मला वाटलं टळेल, पण पोरांनी मान्य केलं. दीडशे रुपयांची तिकिटं, हॉल पाऊण भरला. कार्यक्रम संपल्यावर बँकेचं काही जमलं नाही म्हणून एकानं सरांच्या हातात पाकीट ठेवलं आणि वहीत सही घेतली. सर संकोचून इकडेतिकडे बघत राहिले. मग विंगेत खुर्चीवर बसून त्यांनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. त्यातल्या दोन काढून दाराजवळच्या मदतपेटीत टाकल्या. बाकीच्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वरून बटण लावलं आणि मला म्हणाले, ‘साडेनऊची सिटीलिंक मिळेल का गं?’